रंगाची पारख : तारेच्या खांबांवरील जुन्या काचेविषयी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ शाळेने ही व्याख्यानमाला चालविली आहे, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले. ते विज्ञान शिकवीत. एखाद्या मुलाने उत्तर दिले की, हे तू पाहिलेस की वाचलेस, असे ते हमखास विचारीत. वाचनाला त्यांचा विरोध मुळीच नव्हता. परंतु वाचलेले एकदा डोळ्यांनी पडताळून पाहिल्यावाचून त्यांचे समाधान होत नसे. त्यांच्या नावे होणाऱ्या व्याख्यानाचे निमंत्रण आले, तेव्हा एखादा भारदस्त विषय निवडावा, असे काही मित्रांनी सुचविले. गुरुजींची आठवण धरून बोलायचे तर जी वस्तू मी अनेक वर्षे हातात घेऊन न्याहाळीत आलो, तिच्याविषयीच बोलावे, हे मला अधिक उचित वाटले. ती वस्तू म्हणजे तारेच्या खांबावरील इन्सुलेटर, आणि त्यातही काचेचा इन्सुलेटर.

पाठ्यपुस्तकात याला विद्युतरोधक म्हणतात. खांबाच्या आडव्या पट्टीवर उपड्या वाटीसारखी जी पांढरी वस्तू दिसे, तीच ही. हिच्या पोटात लोखंडी वा लाकडी खुंटी बसविलेली असते, आणि मानेच्या खाचेत तार बांधलेली असते. तारेतील प्रवाह खांबावाटे जमिनीत उतरू नये, एवढेच हिचे काम. पाऊस पडला की वस्तूचा बाहेरचा भाग ओला होतो आणि त्या ओलाव्यातून प्रवाहाला वाट मिळते. म्हणून खालच्या घेराच्या आतली बाजू कोरडी राहील, असा तिचा आकार ठरविलेला असतो. अमेरिकेतील हेमिंग्रे कंपनीने तर घेराच्या कडेला काचेचे लहान दात काढून पाण्याचे थेंब त्यांवरून झटकन गळावेत, अशी योजना केली आणि २ मे १८९३ रोजी तिचे पेटंट मिळविले. ती तारीख त्या काचेवर उठावाच्या अक्षरांत आजही वाचता येते.

आपल्या गावाचा आणि तारेचा संबंध जुना आहे. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविणारे डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ साली बांबूंवर तार ताणून संदेशवहनाचे प्रयोग केले. १८५१ साली कलकत्ता ते डायमंड हार्बर हा मार्ग सुरू झाला. नोव्हेंबर १८५३ मध्ये कलकत्त्याहून आग्र्याकडे काम निघाले आणि मार्च १८५४ मध्ये तार आग्र्यास पोहोचली. आग्र्याहून मुंबईकडे जी तार गेली, ती आग्रा-मुंबई रस्त्याच्या अनुरोधाने, ग्वाल्हेर आणि इंदूर या वाटेने गेली. १८५५ च्या प्रारंभी ही सेवा सर्वसामान्य जनतेस खुली झाली. म्हणजे १४ जून १८५७ रोजी येथील कंटिंजंट फौजेने उठाव केला, तेव्हा तार या प्रदेशात येऊन अवघी दोन-तीन वर्षे झाली होती. त्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात ठिकठिकाणी तारा तोडल्या गेल्या, खांब उपटले गेले. पुढे दीडशेहून अधिक वर्षे चाललेली ही सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. लग्नाच्या शुभेच्छांची आणि मृत्यूच्या वार्तेची ती तार आता केवळ वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात उरली आहे.

आता कोणी म्हणेल, आपल्याकडचे इन्सुलेटर तर पांढऱ्या चिनी मातीचे. काचेचे कुठून आले? शंका रास्त आहे. हिंदुस्थानातील तारमार्गांवर प्रामुख्याने चिनी मातीचेच इन्सुलेटर होते. इंग्रज अभियंत्यांचा ओढा चिनी मातीकडे होता, आणि त्याला कारणही होते. काचेच्या पृष्ठभागावर दमट हवेत ओलाव्याचा पातळ थर सहज धरतो. चांगल्या झिलईच्या चिनी मातीवर तो तुलनेने कमी टिकतो. याउलट अमेरिकेत काच स्वस्त होती, साचे वेगाने चालत होते, आणि १८४४ च्या वॉशिंग्टन ते बाल्टिमोर या पहिल्या मार्गापासूनच तेथे काचेचा उपयोग होत होता. १८६५ साली लुई कोव्हे या गृहस्थाने काचेच्या पोटात आटे काढण्याचे पेटंट घेतले. त्यामुळे खुंटीवर इन्सुलेटर पिळून घट्ट बसविता येऊ लागला, आणि त्यानंतर अमेरिकेत असे नग कोट्यवधींच्या संख्येने तयार झाले.

आपल्या शाळेची मुले शिक्षणाच्या आणि नोकरीच्या निमित्ताने अमेरिकेत गेली. त्यांतील एकाने सुट्टीत घरी येताना, मास्तरांच्या मुलाला दगड-काचा जमविण्याचा नाद आहे हे स्मरून, एक निळसर-हिरवा हेमिंग्रे माझ्यासाठी आणला. त्याच्यावर बेचाळीस हा आकडा होता. हा अतिशय सर्वसामान्य नमुना. तिकडे त्याची किंमत फारशी नाही. पण तो खिडकीत ठेवला तेव्हा सकाळच्या उजेडात त्याने जो रंग दाखविला, तो आमच्या घरातील कोणत्याही काचेत नव्हता. हा रंग कोणी घातला, का घातला आणि त्याला म्हणावे काय, या तीन प्रश्नांपासून माझा संग्रह सुरू झाला. आज आपल्यासमोर मांडावयाचे आहे ते या तीन प्रश्नांचे उत्तरच.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, तो रंग बहुधा कोणी घातलेलाच नसतो. साधी काच वाळू, सोडा आणि चुना यांची बनते. वाळू शुद्ध असेल तर काच स्वच्छ होते. पण बहुतेक वाळूत लोखंडाचा अंश असतो. लोखंड भट्टीत दोन रूपांत राहते. एक रूप काचेला निळी छटा देते आणि दुसरे पिवळी. दोन्ही मिसळली की निळसर-हिरवा रंग येतो. भट्टीत हवा अधिक खेळली तर पिवळेपणा वाढतो. धूर कोंडला तर निळेपणा वाढतो. इन्सुलेटरच्या कारखान्याला रंगाशी काही देणेघेणे नव्हते. स्वस्त वाळू, फुटक्या बाटल्यांचा चुरा आणि हाती लागेल ते एकत्र वितळवून नग काढावयाचे, हा त्यांचा व्यवहार. म्हणूनच त्या दिवशीची वाळू कशी होती, भट्टी कशी पेटली होती आणि चुऱ्यात कोणत्या बाटल्या पडल्या होत्या, याची नोंद त्या रंगात आपोआप झाली.

आपल्या शहराला काचेचे दुसरे टोक ठाऊक आहे. जयविलास महालातील दरबार दालनाची, प्रत्येकी सुमारे साडेतीन टनांची दोन झुंबरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. छत पेलेल की नाही हे पाहण्यासाठी त्यावर हत्ती चढविल्याची कथाही प्रत्येक ग्वाल्हेरकराने लहानपणी ऐकलेली आहे. त्या काचेचे सारे वैभव तिच्या रंगहीनतेत आहे. लोखंडाची छटा काढून टाकण्यासाठी काचकारांना शतकानुशतके झटावे लागले. त्यांचा जुना उपाय मँगनीज हा होता. मँगनीज लोखंडाच्या निळ्या रूपाचे पिवळ्यात रूपांतर करते, आणि स्वतःच्या फिक्या जांभळ्या छटेने उरलेला पिवळा झाकते. म्हणून त्याला काचकारांचा साबण म्हणत. हा साबण पुढे काय करामत करतो, ते मी थोड्या वेळाने सांगणार आहे.

मराठी माणसाने हे काचशास्त्र आपल्या हाताने शिकून घेतले, याचाही येथे उल्लेख केला पाहिजे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याच्या कल्पनेतून पैसा फंड उभारला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. त्या निधीतून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. तेथे परदेशी जाऊन काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी काम उभे केले. तेच पुढे संयुक्त प्रांतात बहजोई येथे काचधंद्यात पडले. तळेगावात शिकलेली माणसे देशभर पसरली. १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला, आणि त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत लागला. त्या कंदिलाची काच निर्मळ हवी, नाही तर उजेड मंद पडे. म्हणजे इन्सुलेटरच्या काचेत जी अशुद्धता चालून जाई, ती कंदिलाच्या काचेत चालत नसे. वस्तूच्या कामावरून काचेची शुद्धता ठरे आणि शुद्धतेवरून रंग ठरे, हे सूत्र ध्यानात ठेवावे.

इतर रंगांची कारणेही अशीच सांगता येतात. कोबाल्ट अत्यल्प प्रमाणात पडले तरी गडद निळा रंग येतो. क्रोमियममुळे गवती हिरवा येतो. लोखंड, गंधक आणि कोळसा एकत्र आले की मधासारखा तपकिरी रंग होतो. औषधाच्या बाटल्यांचा तो रंग. एका रंगाची काच संपून दुसऱ्या रंगाची भट्टीत येत असताना जे नग निघाले, त्यांत दोन रंगांच्या शिरा दिसतात. कारखान्याच्या लेखी तो दोष होता. संग्राहकाच्या लेखी तो एका विशिष्ट दिवसाचा पुरावा आहे.

आता पारखीकडे वळतो. यासाठी मला फार दूर जावे लागत नाही. आपल्या घरच्या आज्या आणि आया चंदेरी घेण्यासाठी दुकानात गेल्या की काय करीत, ते आठवावे. गादीवर उलगडलेल्या साडीचा रंग त्या दिव्याखाली कधीच मान्य करीत नसत. पदर हातावर घेऊन त्या दुकानाच्या पायरीवर येत आणि उन्हाच्या आडोशाला, उघड्या उजेडात तो पाहत. दिव्याखाली एकसारखे वाटणारे दोन रंग दिवसाच्या उजेडात वेगळे निघतात, हे शास्त्र त्यांना अनुभवाने अवगत होते. काचेलाही तोच नियम लागू आहे. पिवळ्या दिव्याखाली निळसर-हिरवी काच निव्वळ हिरवी दिसते, आणि जांभळी काच तपकिरीकडे झुकते. नळीच्या दिव्यात काही छटा फुगतात आणि काही बुजतात. म्हणून काच पाहावयाची ती सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, उत्तरेकडील खिडकीत, जेथे थेट ऊन येत नाही तेथे.

दुसरा नियम पार्श्वभूमीचा. काचेच्या मागे स्वच्छ पांढरा कागद असावा. रंगविलेल्या भिंतीसमोर अथवा झाडासमोर धरलेली काच त्या भिंतीचा नि झाडाचा रंग उसना घेते. शेजारी दुसरी रंगीत काच ठेवू नये. पॅरिसच्या प्रसिद्ध गोब्लँ कारखान्यातील रंगशाळेचे प्रमुख शेव्हरल यांच्याकडे तक्रार आली होती की, विणकामातील काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. त्यांनी तपासले तेव्हा दोष धाग्यात नव्हता. शेजारच्या रंगांमुळे डोळ्याला तो तसा भासत होता. या अभ्यासावरील त्यांचा ग्रंथ १८३९ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे ओशॉनेसींनी बांबूंवर तार चढविली त्याच वर्षी. योगायोग असला तरी मला तो आवडतो.

तिसरा नियम जाडीचा. एकाच इन्सुलेटरचे डोके जाड असते आणि घेराची कड पातळ असते. डोक्याकडे तो गडद दिसतो आणि कडेकडे फिका, कारण प्रकाशाला जितक्या जास्त काचेतून जावे लागते तितका रंग साठत जातो. म्हणून दोन नगांची तुलना करताना डोक्याशी डोके आणि कडेशी कड लावावी. मोठा नग गडद दिसला म्हणून त्याची काच वेगळी ठरत नाही. चौथा नियम स्वच्छतेचा. रेल्वेमार्गालगतच्या नगावर इंजिनाच्या धुराची काजळी आणि लोखंडाचा गंज बसलेला असतो. साबण, कोमट पाणी आणि मऊ ब्रश यांनी बरेच काम होते. हट्टी गंजाला संग्राहक ऑक्झॅलिक आम्लाचा सौम्य द्रव वापरतात. पण ते विषारी आहे, तेव्हा हातमोज्यांवाचून आणि मुलांच्या हाताशी ते कधीही वापरू नये. ओरखडे झाकण्यासाठी काचेला तेल चोळणे मात्र सर्वथा वर्ज्य समजावे. तेल लावल्याने काच क्षणभर उजळते, आणि घेणाऱ्याची दिशाभूल होते.

यानंतर प्रश्न येतो नावांचा. अमेरिकेत एन. आर. वुडवर्ड यांनी काचेच्या इन्सुलेटरांच्या आकारांना क्रमांक दिले, आणि आज तेथील संग्राहक त्या क्रमांकांनीच बोलतात. १९७३ साली तेथे त्यांची राष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली. आकाराला क्रमांक देणे त्या मानाने सोपे असते, कारण आकार मोजता येतो. रंगाच्या बाबतीत मात्र प्रत्येकाचा शब्द वेगळा. आपण मराठी भाषकांनी येथे आपल्या भाषेकडे पाहावे. मोरचुदी, अस्मानी, पिस्ता, शेवाळी, पोपटी, मोतिया, आमसुली, विटकरी, गुलबक्षी: लुगड्यांच्या रंगांची ही नावे वस्तूंवरून पडली आहेत आणि म्हणून ती नेमकी आहेत. माझ्या त्या पहिल्या हेमिंग्रेचा रंग कोणता, याचे उत्तर मला इंग्रजी शब्दात मिळाले नाही. मोरचुदाचा खडा भरपूर पाण्यात विरघळविला असता जो फिका रंग येतो, तोच तो. हे नाव मी माझ्या वहीत लिहिले, आणि आजतागायत मला ते बदलावे लागले नाही.

परंतु नाव देताना संयम हवा. विक्रेता साध्या हिरव्याला पाचू म्हणतो आणि फिक्या निळ्याला नीलम म्हणतो, कारण नावाबरोबर किंमत चढते. आपण नाव द्यावे ते शेजारी ठेवलेल्या ओळखीच्या नगाशी ताडून, आणि शक्यतो दुसऱ्या एखाद्या व्यक्तीला दाखवून. पुरुषांमध्ये काहींना लाल-हिरव्यातील भेद जन्मतः नीट कळत नाही, आणि पुष्कळदा त्यांना स्वतःला ते माहीत नसते. दोन माणसांनी, दोन दिवशी, एकच नाव दिले तर ते वहीत पक्के करावे.

आता मघाशी बाजूला ठेवलेल्या मँगनीजची गोष्ट. मँगनीज घातलेली रंगहीन काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली की सूर्याच्या अतिनील किरणांनी मँगनीजचे रूप बदलते आणि काच हळूहळू जांभळी होत जाते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास काचकार मँगनीज सोडून सेलेनियमकडे वळले. ती काच उन्हात जांभळी न होता गवताच्या काडीसारखी फिकट पिवळी पडते. म्हणजे उन्हाने आलेला जांभळा रंग काचेच्या काळाविषयी आणि तिने उघड्यावर काढलेल्या वर्षांविषयी काही सांगतो. संग्राहकांना या रंगाचे मोठे आकर्षण आहे, आणि तेथेच खोटेपणाला वाव मिळाला. गॅमा किरणांचा मारा केला की जे काम उन्हाला अनेक वर्षे लागते ते अल्पावधीत होते आणि रंगही फार गडद चढतो. अशा किरणांनी काच स्वतः किरणोत्सर्गी होत नाही, त्यामुळे तसे भय बाळगण्याचे कारण नाही. फसवणूक मात्र होते.

काही वर्षांपूर्वी आपल्याच गल्लीतील एक वयोवृद्ध गृहस्थ असा एक गडद जांभळा नग घेऊन माझ्याकडे आले. परदेशी असलेल्या मुलाने वडिलांच्या वाढदिवसासाठी तो बरीच रक्कम मोजून घेतला होता. शाळेच्या प्रदर्शनात तो ठेवावा आणि खाली लिहावे की, शंभर वर्षांच्या उन्हाने हा रंग आला, अशी त्यांची इच्छा होती. आम्ही दोघांनी तो उत्तरेच्या खिडकीत पांढऱ्या कागदासमोर ठेवला. रंग सर्वत्र एकसारखा, खुंटीच्या भोकाच्या आतही तितकाच गडद. त्याच साच्यातील, त्याच कारखान्याचे आणखी दोन नग माझ्यापाशी होते. दोन्हींत जांभळ्याची जेमतेम झाक होती. काही कारखान्यांच्या काचेत मँगनीज मुळातच अधिक असे, आणि त्यांचे नग उन्हानेही गडद होतात. म्हणून केवळ गडदपणावरून निर्णय देता येत नाही. भट्टीत तापवून पाहावे, तर उन्हाचा आणि कृत्रिम किरणांचा, दोन्ही रंग उष्णतेने उडून जातात. त्या कसोटीने निर्णय तर होतच नाही, वस्तू मात्र बिघडते. तेव्हा त्याच जातीच्या नगांशी तुलना, एवढाच भरवशाचा मार्ग होता, आणि ती तुलना त्यांच्या नगाच्या विरुद्ध जात होती.

त्यांनी विचारले, "म्हणजे हा खोटा म्हणायचा का?" मी म्हणालो, "काच खरी आहे, साचा खरा आहे, त्यावरची अक्षरे खरी आहेत. रंगाने जी साक्ष द्यायची, ती मात्र कोणीतरी बदलली असावी." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मुलाला कळवावे की नाही, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता. आठवड्याने ते पुन्हा आले, आणि म्हणाले की, मुलाला सांगितले. त्याला वाईट वाटले, पण शाळेत खोटी पाटी लागू नये, हे त्यानेच आधी म्हटले. तो नग प्रदर्शनात ठेवला गेला. खाली चिठ्ठी होती : काच मूळची; रंग कृत्रिम किरणांनी बदललेला असण्याचा संभव. त्या प्रदर्शनात मुलांनी सर्वांत अधिक प्रश्न विचारले ते त्याच नगाविषयी.

दुसरा प्रसंग याहून क्लेशदायक आहे. दुसऱ्या एका शहरातील संग्राहक वारले. त्यांच्या कुटुंबीयांनी त्यांचा संग्रह मला दाखविला. चिनी मातीचे आणि काचेचे मिळून तीन पेट्या नग होते आणि ते रंगांनुसार अतिशय देखण्या पद्धतीने लावलेले होते. दुधी पांढरे एकीकडे, निळसर पांढरे दुसरीकडे, तपकिरी झिलईचे तिसरीकडे. पण कोणता नग कोणत्या मार्गावरचा, कोणत्या गावी आणि कोणत्या साली मिळाला, याची एक ओळही कोठे नव्हती. ती सारी माहिती त्या सद्गृहस्थांच्या स्मरणात होती आणि त्यांच्याबरोबर गेली. पत्नी वारंवार म्हणत होत्या की, प्रत्येकाची गोष्ट ते सांगायचे. त्या गोष्टी आता कोणाला सांगता येणार नाहीत. पेट्या शेवटी वजनावर विकल्या गेल्या.

या दोन प्रसंगांतून मी जे शिकलो ते थोडक्यात मांडतो. काचेचा रंग ती कशी जन्माला आली याची साक्ष देतो. ती कोठे राबली, याची साक्ष काच देऊ शकत नाही. ती माणसाने लिहूनच ठेवावी लागते. रंग बदलणारा पहिली साक्ष पुसतो आणि टिपण न ठेवणारा दुसरी पुसू देतो. म्हणून प्रत्येक नगाबरोबर एक चिठ्ठी असावी. तीवर ठिकाण, मार्ग, मिळाल्याची तारीख, कोणाकडून मिळाला, अंगावरची अक्षरे, उंची आणि घेर यांचे माप, आणि उजेड कोणता होता हे लिहून मगच रंगाचे नाव, अशा नोंदी असाव्यात. त्याबरोबर आणखी एक पथ्य सांगणे माझे कर्तव्य आहे. उभ्या खांबावरील नग हा सार्वजनिक मालमत्तेचा भाग आहे. तो काढणे ही चोरी आहे आणि विजेच्या मार्गावर तर जिवावरचा खेळ आहे. भंगारात निघालेले, अधिकृतपणे विकले गेलेले अथवा कोणी आपखुशीने दिलेले, एवढेच संग्रहात यावेत.

हे काम आज निकडीचे का झाले आहे, तेही सांगतो. ग्वाल्हेरच्या छोट्या रेल्वेचा पहिला भाग १८९९ साली खुला झाला, आणि दोन फुटी रुळांवरची श्योपूरकडची ती गाडी २०२० साली थांबली. त्या मार्गाचे रुंदीकरण हाती घेतले गेले. रेल्वेमार्गांलगतच्या उघड्या तारांची जागा जमिनीखालील तंतूंनी घेतली. खांब भंगारात गेले आणि त्यांवरच्या वाट्या फुटून खडीत मिसळल्या. काचेचा इन्सुलेटर मात्र संपलेला नाही. उच्च दाबाच्या विद्युतवाहिन्यांवर कठीण केलेल्या काचेच्या, किंचित हिरवट थाळ्यांच्या माळा आजही लावतात. त्यांतली एखादी थाळी निकामी झाली की तिचा संपूर्ण चुरा होऊन पडतो आणि खालून पाहणाऱ्या कामगाराला दोष चटकन दिसतो. त्या हिरवट छटेमागेही तेच वाळूतले लोखंड आहे. म्हणजे जुन्या तारेच्या पांढऱ्या वाट्या नाहीशा होत असल्या, तरी मुलांना दाखविण्यासारखे शास्त्र अजून डोक्यावर लोंबते आहे.

म्हणून शाळेपुढे माझी एक विनंती आहे. माधवगंज, दौलतगंज, जिवाजीगंज, जनकगंज या आपल्या वस्त्यांतील जुन्या घरांत तारखात्यात वा रेल्वेत नोकरी केलेल्यांच्या कपाटांत अजून काही वस्तू असतील. एखादी वाटी दौतीसारखी टेबलावर ठेवलेली असेल. एखादी कागद उडू नयेत म्हणून वापरात असेल. ग्वाल्हेर पॉटरीजचा शिक्का असलेल्या बशा असतील, प्रभाकर कंदिलाची काच असेल. शाळेने विज्ञानशाळेत एक काचेचे कपाट द्यावे, ते उत्तरेच्या खिडकीपाशी ठेवावे, आणि प्रत्येक वस्तूची चिठ्ठी मुलांनी देणाऱ्याच्या घरी जाऊन, विचारून, स्वतःच्या हाताने लिहावी. माझ्या संग्रहातील नग, त्यांच्या चिठ्ठ्यांसह, मी त्या कपाटासाठी देऊ इच्छितो. किंमत पाहिली तर त्यांतले बहुतेक नगण्य आहेत. पण प्रत्येकाचे गाव लिहिलेले आहे.

गुरुजी विचारीत त्या प्रश्नाचे उत्तर देता येईल अशी वस्तू मुलांच्या हाती द्यावी, याहून त्यांचे वेगळे स्मारक मला सुचत नाही.